हाडांची ऑपरेशनं : ओपीडीत रोज विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात हाडांचा दवाखाना चालवताना पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, ऑपरेशनशिवाय नाही का भागणार?" प्रश्न चुकीचा नाही, पण त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा : थांबलो तर काय बिघडेल? काही ऑपरेशनं वर्षभर थांबू शकतात, काही महिना-दीड महिना, आणि काहींना एक रात्रही थांबता येत नाही. गंमत अशी, की लोक नेमकं उलटं करतात. गुडघ्यासाठी घाई करतात आणि खुबा मोडलेल्या आजीला पंधरा दिवस घरी निजवून ठेवतात. म्हणून खालची उत्तरं वाचताना ऑपरेशनच्या नावापेक्षा त्याच्या वेळेकडे जास्त लक्ष द्या.

गुडघा

गुडघे बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

एक्स-रे पाहून नाही. हाडाला हाड टेकलेला एक्स-रे घेऊन वारीत आळंदी ते पंढरपूर चालणारे माळकरी मी पाहिलेत, आणि जेमतेम झीज असताना जिना न चढू शकणारेही. बघायचं ते रोजचं जगणं. रात्री दुखण्याने जाग येते का? कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातानाही मध्येच थांबावं लागतं का? लग्नकार्याला जाणं सुटलं का? गोळ्या रोज लागतात आणि तरी भागत नाही, असं आहे का? या सगळ्याला 'हो' असेल, एक्स-रेही तेच सांगत असेल, आणि तीन-चार महिने मनापासून व्यायाम करून, वजन थोडं उतरवून, काठी वापरून झालं असेल, तर ऑपरेशनचं बोलू.

काठीवरून आठवलं. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. दहातले आठ जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. आणि व्यायाम म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंचा : पाय सरळ ठेवून गुडघ्याखालची उशी दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. चालणं चांगलंच, पण त्याने हा व्यायाम होत नाही.

"वंगण संपलंय" म्हणतात. इंजेक्शनने भरता येतं का?

वंगण हा शब्द समजावून सांगायला सोपा म्हणून आम्हीच रूढ केला, आणि आता तो आमच्याच गळ्यात पडलाय. संपते ती हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे नारळाच्या मलईसारखा गुळगुळीत थर. तो एकदा झिजला की कुठल्याही इंजेक्शनने पुन्हा उगवत नाही. जेलच्या इंजेक्शनने काहींना काही महिने बरं वाटतं, काहींना काहीच फरक पडत नाही. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेटच्या इंजेक्शनचंही साधारण तसंच; सुरुवातीच्या झिजेत थोडा आराम, पुढच्या टप्प्यात खिशाला भार. स्टेरॉइडचं इंजेक्शन सुजलेला गुडघा काही आठवडे शांत करतं. मात्र येत्या तीन महिन्यांत सांधा बदलायचा असेल तर ते घेऊ नका, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

दुर्बिणीने गुडघा धुवून घेतला तर?

झिजेसाठी नको. याबाबत एक सुरेख अभ्यास आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचा गुडघा दुर्बिणीतून धुतला, दुसऱ्याचा आतून खरवडून साफ केला, आणि तिसऱ्या गटाला भूल देऊन कातडीवर नुसते छेद घेतले, आत काहीच केलं नाही. कोण कुठल्या गटात हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी तिन्ही गटांचं दुखणं सारखंच निघालं. २००२ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभर ही ऑपरेशनं कमी होत गेली. आपल्याकडे अजून अधूनमधून कोणी सुचवतं. गुडघा खरोखर अडकत असेल, मध्येच कुलूप लागल्यासारखा होत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे दुर्बीण कामाची आहे.

गुडघा बदलतात म्हणजे नेमकं काय करतात? सगळा गुडघा काढतात?

नाही. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग यांचे जेमतेम आठ-दहा मिलिमीटर जाडीचे थर कापतात आणि त्यावर धातूची टोपी व ताट बसवतात, मध्ये टणक प्लास्टिकची पट्टी. बहुतेक वेळा हे सगळं हाडांच्या सिमेंटने चिकटवतात. दाताला कॅप बसवतात तसंच, फक्त मोठ्या प्रमाणावर. लोक म्हणतात "वाटी बदलली", पण खरी वाटी, म्हणजे गुडघ्यासमोरचं गोल हाड, पुष्कळदा जागच्या जागी ठेवलेली असते!

झीज फक्त आतल्या बाजूला असेल तर अर्धाच गुडघा बदलता येतो. पन्नाशीच्या आत-बाहेरचा, कष्टाचं काम करणारा आणि पाय धनुष्यासारखे बाक आलेला माणूस असेल, तर नडगीचं हाड कापून सरळ करण्याचं ऑपरेशनही चांगलं. त्याने स्वतःचा सांधा आणखी काही वर्षं वापरता येतो. शेतकऱ्याला मी हा पर्याय आधी सांगतो.

बदललेला गुडघा किती वर्षं टिकतो?

वेगवेगळ्या देशांच्या नोंदवह्या एकत्र करून २०१९ मध्ये हिशेब मांडला गेला. त्यानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षांनंतरही चालू होते. अर्ध्या बदललेल्यांपैकी सुमारे ७० टक्के, खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के. म्हणजे पासष्टीला केलेला गुडघा बहुधा जन्माला पुरतो. पंचेचाळिशीला केलेला पुरेलच असं नाही, आणि दुसऱ्यांदा बदलणं पहिल्यापेक्षा अवघड आणि महाग. म्हणूनच तरुण माणसाला आम्ही थांबवत राहतो, टाळाटाळ म्हणून नव्हे.

मांडी घालता येईल का? पाटावर बसून जेवता येईल?

नवा गुडघा साधारण ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. खुर्ची, जिना, कमोड, दुचाकीवर मागे बसणं याला तो पुरतो. मांडी आणि उकिडवं बसणं याला त्याहून जास्त वाकावं लागतं. काहींना मांडी जमते. मग ते व्हिडिओ काढून पाठवतात आणि वेटिंग रूममधले सगळे तेच मागू लागतात. मी परवानगी देत नाही. प्लास्टिकवर अकारण ताण येतो. पूजेला चौरंग उंच करा, स्वतः खुर्चीवर बसा. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर ऑपरेशनच्या आधीच कमोड बसवून घ्या. निदान मधे भोक असलेली खुर्ची तरी आणा.

दोन्ही गुडघे एकदम?

साठीच्या आतबाहेर, हृदय-फुप्फुसं ठणठणीत, साखर ताब्यात असेल तर होतं. एकदाच भूल, एकदाच घरच्यांची रजा. पण रक्त जास्त जातं आणि हृदयावर ताण येतो. सत्तरीपुढे किंवा हृदयविकार असेल तर एकेक करा.

रोबोटने केलेलं चांगलं का?

रोबोट काप अधिक अचूक घेतो, हे खरं. पण वर्षभरानंतर रुग्ण चालतो कसा आणि दुखतं किती, यात मोठा फरक अजून दिसलेला नाही. चांगल्या हाताने केलेला साधा गुडघा हा वाईट हाताच्या रोबोटपेक्षा बरा. डॉक्टरांना विचारा : "तुम्ही महिन्याला किती गुडघे करता?"

खर्च किती? आणि पूर्वी हे फक्त मोठ्या लोकांचं होतं ना?

आपल्याकडे हे ऑपरेशन घराघरांत पोचलं ते तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींमुळे. २००० साली त्यांचा एक गुडघा आणि २००१ साली दुसरा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला. शस्त्रक्रिया न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केली. त्यानंतर कित्येक जण "वाजपेयींसारखं ऑपरेशन" असं सांगत दवाखान्यात येऊ लागले. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय बांध्याचा विचार करून 'इंडस' गुडघा तयार केला, तीही याच प्रवासातली गोष्ट.

किमतीचं म्हणाल, तर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवल्या. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक कर, टायटॅनियमसारख्या खास धातूच्या गुडघ्याला ७६,६०० रुपये अधिक कर. त्याआधी साध्या गुडघ्याची छापील किंमत दीड लाखाच्या आसपास असायची. बिलावर सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा लिहून मागा. स्टिकर फाइलला चिकटवलेलं हवंच. ऑपरेशनची फी, खोली, औषधं यांवर मात्र अशी मर्यादा नाही, आणि तिथेच बिल फुगतं.

महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण कुठली शस्त्रक्रिया कुठल्या रुग्णालयात बसते, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. दाखल होण्याआधी विचारा. बिल हातात पडल्यावर विचारून उपयोग नसतो.

खुबा

आजी बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला. वय ८६. ऑपरेशन झेपेल का?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. खरा प्रश्न असा हवा : आजीला अंथरूण झेपेल का?

नाही झेपत. मोडलेल्या खुब्याने पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला आठवड्याभरात पाठीवर आणि माकडहाडावर जखमा होऊ लागतात. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. लघवीत जंतू होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते, ती फुप्फुसात सरकते. खाणं सुटतं, भ्रम होतो. नंतर घरचे सांगतात, "वयच झालं होतं हो." वय तर झालंच होतं, पण आजी गेली ती अंथरुणाने.

पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं दिसतं आणि उचलता येत नाही, अशी खूण दिसली की त्याच दिवशी रुग्णालय. २४ ते ४८ तासांत ऑपरेशन करावं, असं जगभरचे डॉक्टर सांगतात. हृदयाच्या गोळ्या, साखर, रक्त पातळ करणारी औषधं यांची व्यवस्था लावायला लागतो तेवढाच वेळ घ्यायचा. "आधी ताकद येऊ दे" म्हणून थांबायचं नाही, कारण पडून राहिल्याने ताकद वाढत नाही, जाते.

हाड कुठे मोडलंय त्यावर ऑपरेशन ठरतं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं; त्याच्या मानेशी मोडलं असेल तर म्हाताऱ्या माणसात चेंडू काढून धातूचा बसवतात. अर्धा खुबा बदलतात. त्याखाली मोडलं असेल तर हाडाच्या पोकळीत खिळा आणि त्यातून चेंडूत स्क्रू घालून पकड देतात. दोन्हींत तासा-दीड तासाचं काम, बहुतेकदा कमरेतून भूल, आणि दुसऱ्या दिवशी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवणं. त्याच आठवड्यात वॉकर.

खोटं आश्वासन देत नाही. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक तरी ऑपरेशन होऊनही वर्षभरात जातो, असा जगभरचा अनुभव आहे. पण न केल्यास हा आकडा फार वर जातो, आणि राहिलेले दिवस वेदनेत जातात. अगदी अंथरुणालाच खिळलेल्या माणसाचंही कधी कधी फक्त दुखणं कमी व्हावं, कूस बदलता यावी, म्हणून ऑपरेशन करतो.

आणि एक. हाड एवढ्याशा पडण्याने मोडलं म्हणजे ते आधीच ठिसूळ झालेलं होतं. ऑपरेशननंतर ठिसूळपणाचं औषध सुरू झालं का, हे विचारा. वर्षातून एकदा शिरेतून घ्यायचंही औषध आहे. हे आमच्याकडूनच राहून जातं, आणि मग दोन वर्षांत दुसरा खुबा मोडतो.

तरुण मुलाचा खुबा कसा खराब होतो?

बहुतेकदा खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटल्याने. मुख्य कारणं दोन : दारू आणि स्टेरॉइड. कोविडनंतर अशा रुग्णांची चर्चा झाली, कारण त्या उपचारात अनेकांना स्टेरॉइड लागलं होतं. ते तेव्हा जीव वाचवायला लागलं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांबद्दल. "दोन दिवसांत चमत्कार" असतो तिथे आत पुष्कळदा स्टेरॉइडच असतं.

जांघेत दुखतंय, मांडी घालताना पाय उघडत नाही, आणि एक्स-रे चांगला आहे, तर एमआरआय करा. चेंडू चपटा होण्याआधी कळलं तर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याचं छोटं ऑपरेशन होतं. चपटा झाल्यावर मात्र खुबा बदलणं. ते ऑपरेशन जुनं आणि भरवशाचं आहे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये ते आजच्या रूपात उभं केलं.

मणका

एमआरआयमध्ये गादी सरकली आलंय. ऑपरेशन करावंच लागेल ना?

बहुधा नाही. एमआरआय हा फार बडबड्या साक्षीदार आहे, नको तेही सांगतो. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय पाहिले, तर विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसते आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांत. गादी फुगलेली तर विशीतल्याही ३० टक्क्यांत. केसांत पांढरं दिसावं तसं ते आहे.

"मणक्यात गॅप आलाय" हेही बऱ्याचदा एक्स-रेच्या कागदावरचं वाक्य असतं, आजार नव्हे.

गादी सरकून पायात कळ जाते तेव्हा माणूस रडकुंडीला येतो, हे खरं. पण बहुतेकांची ती कळ सहा ते बारा आठवड्यांत आपोआप ओसरते. सरकलेला तुकडा शरीर हळूहळू शोषून घेतं. तोवर औषधं, दोन दिवसांपेक्षा जास्त झोपून न राहणं, आणि हळूहळू चालणं. सहा-आठ आठवड्यांनीही कळ तशीच आहे, एमआरआयमधली जागा आणि दुखण्याची जागा जुळते, तर छोट्या छेदातून सूक्ष्मदर्शकाखाली तेवढाच तुकडा काढतात. पायाची कळ त्याने छान जाते. नुसती कंबरदुखी मात्र त्याने जात नाही, आणि निराश होणारे रुग्ण इथेच भेटतात.

मग मणक्याचं तातडीने कधी करायचं?

लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याच्या जागी, म्हणजे खोगीर टेकतं तेवढ्या भागात, बधीरपणा आला, किंवा दोन्ही पायांतली ताकद एकदम गेली, तर त्याच रात्री. सकाळची वाट पाहू नका, मालिश नको, वजन लावणं नको. दाबल्या गेलेल्या नसा काही तासांतच कायमच्या निकामी होऊ लागतात, आणि लघवीचा ताबा परत येईलच असं नाही.

याहून सावकाश येणारं, पण फसवं दुखणं मानेच्या मणक्यांचं. त्यात दुखतही नाही फारसं. शर्टाचं बटण लावता येत नाही, अंधारात तोल जातो, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. "चप्पल निसटते" हे वाक्य ऐकलं की मी खुर्चीत सरळ बसतो. इथे महिनोन् महिने थांबलं तर गेलेली ताकद परत येत नाही.

मणक्याच्या ऑपरेशनने पाय जातात म्हणे?

ही भीती पिढीजात आहे, आणि पूर्वी ती काही प्रमाणात खरीही होती. पण एक साधी गोष्ट सांगतो. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मण्यापाशीच संपतो. त्याखाली सुट्या नसांचा जुडगा असतो, घोड्याच्या शेपटासारखा. गादीची बहुतेक ऑपरेशनं त्याच्या खाली, चौथ्या-पाचव्या मण्यापाशी होतात. तिथे मज्जारज्जूच नाही, तो कापला जाणार कसा? एखाद्या नसेला इजा, पाण्यासारख्या द्रवाची गळती, जंतुसंसर्ग, हे धोके आहेत आणि सहीआधी ते विचारून घ्या. दोन्ही पाय लुळे पडणं मात्र तिथे अतिशय दुर्मीळ. मानेच्या आणि छातीच्या मणक्यात धोका जास्त असतो, हे कबूल.

थोडं चाललं की पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं. हे काय?

मणक्याची नळी अरुंद झाल्याची ही खूण. असा माणूस सायकल मैलभर चालवतो, पण बाजारपेठेत चालता येत नाही. पुढे वाकलं की नळी थोडी मोकळी होते. पायाच्या रक्तवाहिन्या ठीक आहेत ना, हे आधी तपासायचं. चालणं फारच कमी झालं तर नळीवरचं हाड आणि जाड झालेला पडदा काढून जागा करतात. मणका मणक्यावरून सरकत असेल तरच स्क्रू आणि रॉड. नुसत्या कंबरदुखीसाठी कोणी स्क्रू सुचवले तर दुसरं मत घ्या. मीसुद्धा घेतलं असतं.

मणक्याच्या टीबीला ऑपरेशन लागतं का?

बहुतेकांना औषधंच पुरतात. वर्षभर किंवा त्याहून जास्त, एकही दिवस न चुकवता. पायांची ताकद जात असेल, पू खूप असेल किंवा पाठीला कुबड येत असेल तर ऑपरेशन, आणि त्यानंतरही औषधं तेवढीच.

कमरेत भुलीचं इंजेक्शन घेतल्यापासून पाठ दुखते...

सिझेरियन झालेल्या निम्म्या बायका हे सांगतात. सुई टोचल्या जागी काही दिवस दुखतं. वर्षानुवर्षं दुखतं ते सुईमुळे नाही. बाळाला घेऊन वाकणं, पोटाचे सैल पडलेले स्नायू आणि विश्रांतीच न मिळणं, ही कारणं. पण त्यांवर इलाज करायचा तर घरातल्या बाकीच्यांना उठावं लागतं, म्हणून दोष सुईवर.

मोडलेली हाडं

प्लास्टर पुरेल की प्लेट घालायची?

हाड जोडतं ते शरीर. प्लेट, रॉड, प्लास्टर हे फक्त धरून ठेवतात. जागच्या जागी असलेल्या फ्रॅक्चरला प्लास्टर उत्तम, आणि लहान मुलांचं बहुतेक सगळं प्लास्टरमध्येच जमतं. त्यांची हाडं वाढता वाढता थोडा बाकही सरळ करतात. मोठ्या माणसाचं मांडीचं हाड, सांध्यात शिरलेलं फ्रॅक्चर किंवा दोन्ही टोकं सरकलेली असतील तर ऑपरेशन. मांडी आणि नडगी यांच्या पोकळीत रॉड घालायची कल्पना जर्मनीच्या गेरहार्ड कुंशर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुळवली. पूर्वी तीन-तीन महिने वजनं लावून पडणारा माणूस त्यामुळे आज आठवडाभरात वॉकरवर उभा राहतो.

हाडवैद्याकडे आधी गेलं तर?

आमच्या भागात काही हाडवैद्यांचा हात खरोखर हलका आहे, आणि किरकोळ मुरगळण्यात ते बरे करतात. पण दोन गोष्टींत मी हात जोडून नको म्हणतो. एक, मुलाच्या कोपराला मार लागल्यावर चोळणं. चोळलेल्या कोपराच्या स्नायूत हाड तयार होतं आणि कोपर कायमचा अडतो. दुसरं, बांबूच्या कामट्या करकचून बांधणं. बोटं पांढरी-निळी पडली, मुंग्या आल्या, बोट सरळ केलं की मूल किंचाळतं, तर पट्टी त्याच क्षणी सोडा आणि निघा. सहा-आठ तासांत स्नायू मरतात आणि हात वाकडा राहतो.

अपघातात हाड बाहेर आलंय. काय करायचं?

आत ढकलू नका. हळद, चहाची पूड, कॉफी काही भरू नका. स्वच्छ सुती कापड दाबून बांधा, पाय लाकडी पट्टीला किंवा दुसऱ्या पायाला बांधून स्थिर करा आणि निघा. जखमेत जंतू वाढण्याआधी प्रतिजैविक शिरेतून जावं लागतं. पहिला तास मोलाचा. पोटात काही देऊ नका, भूल द्यावी लागेल.

तंबाखू, मिश्री चालेल का?

नाही. निकोटिनने हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतच नाही, आणि मणक्याला स्क्रू घातले असतील तर ते ढिले पडतात. मिश्री तंबाखूत मोडत नाही असं समजणाऱ्या आज्यांशी माझा वाद गेली कित्येक वर्षं चालू आहे. अजून एकीलाही पटवता आलेलं नाही.

जुना रॉड काढायचा का? विमानतळावर वाजतो का? एमआरआय चालेल का?

टोचत नसेल आणि वय झालेलं असेल तर राहू द्या. मुलांचे आणि तरुणांचे काढतो, तेही हाड पूर्ण भरल्यावर, दीड-दोन वर्षांनी. विमानतळावर मोठा सांधा वाजू शकतो. सांगा, ते हाताने तपासतात. आजकालच्या बहुतेक रॉड-प्लेटा आणि सांध्यांसोबत एमआरआय होतो, पण तिथल्या तंत्रज्ञाला कार्ड आधी दाखवा.

कबड्डी खेळताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज आला...

आणि दोन-तीन तासांतच गुडघा फुग्यासारखा झाला? मग आतला पुढचा अस्थिबंध (लिगामेंट) तुटला असण्याची शक्यता फार. सूज उतरली की मुलं परत मैदानात उतरतात, गुडघा पुन्हा लचकतो आणि आतल्या गाद्या फाटतात. खेळायचं असेल तर मांडीमागचा स्नायूबंध घेऊन दुर्बिणीतून नवा अस्थिबंध तयार करतात. बसून काम करणाऱ्या आणि गुडघा न लचकणाऱ्या माणसाला व्यायामावरही भागतं. मैदानात परतायला किमान नऊ महिने. मुलांना ते जड जातं. डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर ऋषभ पंतच्या गुडघ्याचं मुंबईत ऑपरेशन झालं आणि तो २०२४ च्या आयपीएलमध्येच परतला, एवढं सांगितलं की गप्प बसतात.

बाळाची पावलं जन्मतः आत वळलेली आहेत.

पहिल्या आठवड्यांत आणा. दर आठवड्याला थोडं वळवून प्लास्टर, अशी पाच-सहा. मग टाचेमागच्या स्नायूबंधाला बारीक काप आणि पुढे चार वर्षांपर्यंत रात्री पट्टीला जोडलेले बूट. मोठं ऑपरेशन बहुतेकांना लागतच नाही. बूट सोडले की पाऊल परत वळतं, एवढंच लक्षात असू द्या.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतर

आधी काय तयारी करायची?

साखर ताब्यात आणा, किडलेला दात काढून घ्या, पायाच्या भेगा आणि खरूज बरी करा. जंतू तिथूनच नव्या सांध्यात पोचतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि लपवूही नका. काढे-भस्मंही सांगा, रागावणार नाही. आणि घरी पहिले पंधरा दिवस कोण असणार, हे ठरवा. "ऊस तुटून गेला की करू" असं गुडघ्याचे रुग्ण म्हणतात, आणि त्यात काही चूक नाही. रिकाम्या हंगामात घरात माणसं असतात.

घरी गेल्यावर कशाने घाबरायचं?

ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू, पोटरी एकाच बाजूला सुजून दुखणं, आणि अचानक धाप किंवा छातीत कळ. शेवटचं असेल तर मला फोन करत बसू नका, सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. टाके बारा-चौदा दिवसांनी. फिजिओ टाळू नका. गुडघ्याचं निम्मं ऑपरेशन तेच करतात.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं तर तुम्हाला राग येईल का?

येणार नाही. एक्स-रे, एमआरआयची सीडी, रिपोर्ट, सगळं मागून घ्या. ते तुमचंच आहे. गुडघा, नुसती कंबर, जुना खांदा यांसाठी पुण्या-मुंबईला दोन ठिकाणी दाखवून आलात तरी काही बिघडत नाही. फक्त खुबा मोडलेल्या आजीला गाडीत घालून तीन शहरं फिरवू नका. तिचा एक्स-रे मोबाइलवर पाठवून विचारा, आणि तोवर तिला कुठल्या तरी रुग्णालयात दाखल झालेली असू द्या.